मुक्या सोबत्यांची साक्ष

दिवाळीची सुट्टी संपवून मुले वसतिगृहात परततात, त्याच सुमारास नेवासे, शेवगाव, पाथर्डी या आपल्या भागात साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांतील कितीतरी मुले या दिवसांत निवासी शाळेच्या आधाराने राहतात आणि त्यांचे आईवडील परगावी उसाच्या फडाजवळ कोपी घालून हंगाम काढतात. रविवारी सकाळी मुलांना घरी फोन लावून देण्याचे काम आम्ही शिक्षक आळीपाळीने करीत असतो. काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गातील एक मुलगा फोन लागला की आईला पहिला प्रश्न एकच विचारी, "मोत्या कुठं झोपतो गं?" "कोपीच्या दारात," असे उत्तर आले की त्याचा चेहरा खुलत असे. मग तो अभ्यासाचे, जेवणाचे, कबड्डीचे सांगू लागे. "गाडीखाली," असे उत्तर आले, की तो दोन शब्द बोलून फोन आमच्या हाती देई आणि दिवसभर कोणाशी फारसे बोलत नसे.

तीन-चार रविवार हे पाहिल्यावर आम्ही त्याला जवळ बसवून विचारले. तो म्हणाला, "आप्पा रागात असले, भांडण झालं, की मोत्या गाडीखाली जाऊन बसतो सर. आई मला भांडणाचं सांगत नाही. मोत्याचं मात्र खरं सांगती."

शेकडो कोसांवरच्या आपल्या घरात शांतता आहे की कलह, हे ओळखण्याची रीत त्या बारा वर्षांच्या मुलाने स्वतःच शोधून काढली होती. कुत्र्याच्या बसण्याच्या जागेवरून तो घर वाचत होता. त्याचे वाचन कितपत खरे होते, असा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात राहिला. माणसाच्या मनावरील ताण पाळीव प्राण्यांना खरोखर कळतो काय, कळत असल्यास कसा, आणि त्यातून आपण काय शिकावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ताणाची शरीरभाषा

ताण हा शब्द आपण मनापुरता वापरतो; परंतु ताण सुरू होताच सारे शरीर कामाला लागते. सावकाराचा तगादा असो, परीक्षेची भीती असो की घरातील भांडण, मेंदू धोक्याचा संकेत देतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या छोट्या ग्रंथींतून प्रथम अॅड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात. हृदय जलद धडधडते, श्वास उथळ आणि भरभर होतो, तळहातांना घाम सुटतो, स्नायू ताठरतात, आवाज चढतो. माणूस "मला काही झाले नाही" असे म्हणू शकतो. त्याचा श्वास, घाम आणि चाल मात्र निराळेच सांगत असतात.

हे सांगणे ऐकण्यास कुत्र्याइतका तयार श्रोता दुसरा नाही. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींहून अधिक असल्याचे मानले जाते. शिवाय कुत्रा किमान १४ ते १५ हजार वर्षांपासून माणसाच्या सोबतीने राहत आला आहे. माणसाचा चेहरा, आवाज आणि हालचाल यांवर त्याचे जेवण, निवारा आणि जीवही अवलंबून राहिला. ज्याच्यावर आपले जगणे अवलंबून असते, त्याच्या मनःस्थितीकडे आपले लक्ष असतेच. नोकराचे मालकाकडे असते, मुलाचे बापाकडे असते, तसेच कुत्र्याचे धन्याकडे असते.

प्रयोग काय सांगतात

आपले अनुभव खरे असले तरी अनुभवाला चाळणी लावणे आवश्यक असते. गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी ती लावून पाहिली आहे.

२०२२ साली उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी ३६ माणसांना एक अवघड तोंडी गणित घातले. ९००० या संख्येतून १७ वजा करीत उलटे मोजत जावयाचे होते. गणितापूर्वी आणि गणितानंतर प्रत्येकाचा घाम आणि श्वास कापडाच्या तुकड्यावर घेण्यात आला. त्यानंतर शिकवून तयार केलेल्या चार कुत्र्यांपुढे हे नमुने ठेवण्यात आले. एकाच माणसाच्या दोन नमुन्यांपैकी ताणाखालील नमुना कोणता, हे कुत्र्यांना ओळखावयाचे होते. ती माणसे कुत्र्यांच्या ओळखीची नव्हती आणि समोरही नव्हती. तरीही कुत्र्यांनी सुमारे ९४ टक्के वेळा योग्य नमुना निवडला. ताणाला वास असतो आणि कुत्र्याला तो येतो, हे यातून दिसून आले.

वास येणे ही एक गोष्ट झाली. त्याचा कुत्र्यावर परिणाम होतो काय, ही दुसरी. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली याचा शोध घेतला. एका जागी ठेवलेल्या भांड्यात खाऊ असतो आणि दुसऱ्या जागी ठेवलेले भांडे रिकामे असते, हे १८ कुत्र्यांना प्रथम शिकविण्यात आले. नंतर भांडे या दोन जागांच्या मध्ये ठेवण्यात आले. तणावग्रस्त अनोळखी माणसाचा गंध हुंगल्यानंतर, रिकाम्या जागेच्या जवळ ठेवलेल्या भांड्याकडे जाण्यास कुत्री अधिक कचरू लागली. खाऊ मिळेल ही त्यांची आशाच जणू कमी झाली होती. दुसऱ्याच्या ताणाचा नुसता वासही मुक्या जिवाची उमेद खच्ची करू शकतो, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

हा परिणाम घटकाभराचा की दीर्घकाळाचा, याचे उत्तर स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाच्या २०१९ सालच्या अभ्यासात मिळते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढत्या केसांत साठत जाते, म्हणून केस तपासल्यास मागील काही महिन्यांचा ताण समजू शकतो. संशोधकांनी ५८ कुत्री आणि त्यांच्या मालकिणी यांचे केस उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तपासले. ज्या मालकिणीच्या केसांत कॉर्टिसॉल अधिक, तिच्या कुत्र्याच्या केसांतही ते अधिक, असा मेळ आढळला. मालकिणीच्या स्वभावाचा ठसा कुत्र्याच्या ताणावर उमटत असल्याचेही त्यांच्या निष्कर्षांतून सूचित झाले. मात्र ही कुत्री मेंढ्या राखणाऱ्या जातींची, माणसाच्या इशाऱ्यावर काम करणारी होती. त्याच संशोधकांनी पुढे एकट्याने शिकार करणाऱ्या आणि प्राचीन जातींच्या कुत्र्यांचा अभ्यास केला, तेव्हा असा मेळ दिसला नाही. सोबत जितकी घट्ट, तितका ताणाचा वाटा अधिक, असे यावरून समजावयास हरकत नाही.

लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात २०१२ साली झालेला प्रयोग साधा आणि बोलका आहे. १८ कुत्र्यांसमोर त्यांचा मालक आणि एक अनोळखी व्यक्ती आळीपाळीने बोलत, गुणगुणत आणि रडण्याचे सोंग करीत. गुणगुणण्याकडे कुत्र्यांनी विशेष लक्ष दिले नाही. रडणाऱ्याजवळ मात्र बहुतेक कुत्री गेली, आणि रडणारा अनोळखी असला तरीही त्याच्याचजवळ गेली. मांजराला आपण अलिप्त समजतो. परंतु माणसाचा रागावलेला वा आनंदी आवाज ऐकून तोच भाव असलेला चेहरा मांजरेही ओळखतात, असे इटलीतील बारी विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात आढळले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्राण्याला ताण जाणवतो याचा अर्थ त्याला ताणाचे कारण समजते, असा होत नाही. उचल किती घेतली, मुकादम काय बोलला, हे मोत्याला ठाऊक नव्हते. आपल्या माणसाचे काहीतरी बिनसले आहे एवढेच त्याच्यापर्यंत पोहोचत होते. रडणाऱ्याजवळ जाणारा कुत्रा त्याचे सांत्वन करण्यास जातो, की स्वतः अस्वस्थ होऊन आधार शोधण्यास जातो, हे प्रत्येक वेळी ठरविता येत नाही. एका लहानग्याच्या रडण्याने दुसरे लहानगे रडू लागते, तसा हा भावनेचा संसर्ग आहे. म्हणूनच तो अधिक गंभीर मानला पाहिजे. ज्याला कारण समजते, तो मनाची समजूत घालू शकतो. ज्याला कारण समजत नाही, तो नुसताच सोसतो.

गोठ्यातील पुरावा

प्रयोगशाळेपर्यंत न जाताही आपल्या गोठ्यांत हे सत्य नित्य दिसते. सोनईच्या परिसरात उसाइतकाच दुधाचाही आधार आहे. धार काढणाऱ्या आयाबहिणींना 'पान्हा' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कासेत दूध असूनही जनावर ते सोडत नाही, तेव्हा आपण 'पान्हा चोरला' असे म्हणतो. दूध खाली उतरण्यास ऑक्सिटोसिन हे संप्रेरक लागते. वासराच्या ढुशीने, ओळखीच्या हाताने ते स्रवते. जनावर भ्याले की अॅड्रेनलिन स्रवते आणि दूध उतरण्याची क्रिया अडते. जनावर चोरी करीत नसते. भीतीने त्याचा देहच आखडलेला असतो.

आमच्या लहानपणी घरी जमीन नव्हती, दोन शेळ्या होत्या. घरात कडाक्याचे भांडण झालेल्या दिवशी आई धार काढायला बसली, की पांढरी शेळी पाय झाडी, भांडे लवंडून देई. आई तिला मारत नसे. थोडा वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसून राही आणि म्हणे, "तिचं काही नाही रे, माझाच हात आज बरा नाही." आईला अक्षरओळख नव्हती. शेळ्या माणसाच्या रागीट चेहऱ्यापेक्षा हसऱ्या चेहऱ्याच्या चित्राकडे अधिक ओढीने जातात, हे इंग्लंडमधील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केले; तेव्हा आम्हांला आईच्या त्या वाक्याची आठवण झाली.

ऑस्ट्रेलियातील पॉल हेम्सवर्थ यांनी दुग्धशाळांचा अभ्यास करून दाखवून दिले आहे की, जेथे गाई माणसाला भितात तेथे दुधाचे प्रमाण घटते. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या २००९ सालच्या पाहणीत, गाईंना नावाने हाक मारणाऱ्या शेतकऱ्यांकडे दूध अधिक निघत असल्याचे आढळले. नुसत्या नावाने दूध वाढत नाही, हे उघड आहे. परंतु जो नाव ठेवतो, तो बहुधा हातही मायेने फिरवितो.

इतिहासातील सोबत

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला या नात्याची एक खूण आपल्याच जिल्ह्यात दिसते. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली भिल्ल समाजातील एका शेतकऱ्याला खोदताना चार अवजड ब्राँझ शिल्पे सापडली. त्यांतील एक शिल्प बैलजोडीच्या रथाचे आहे. रथात माणूस उभा आहे आणि रथाच्या दांडीवर एक छोटा कुत्रा उभा आहे. या शिल्पांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी अनेक जण ती सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीची मानतात. बैल, माणूस आणि कुत्रा या तिघांनी एकत्र प्रवास करावा, हे आपल्या भूमीत इतके जुने आहे. आमच्या विद्यार्थ्याची बैलगाडी आणि तिच्याखालचा मोत्या त्याच वाटेवरचे प्रवासी होत.

परंतु याच भूमीत कुत्र्याच्या सोबतीला अपमानाची खूणही बनविण्यात आले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे, असे फर्मावले आहे. पुढे व्यवहार तर याहून क्रूर झाला. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो माणसांना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पाणी ओंजळीत घेतले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत गांधीजींच्या भेटीत, आपल्या लोकांना कुत्र्या-मांजरांहूनही हीन वागविले जाते, ही वेदना बाबासाहेबांनी स्पष्ट शब्दांत मांडली होती.

या वेदनेतून प्राण्यांविषयी तिटकारा निर्माण झाला असता, तर ते अस्वाभाविक ठरले नसते. बाबासाहेबांच्या बाबतीत तसे घडले नाही. दादरच्या राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेले एक छायाचित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी भिंतीवर असेल. त्यात यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, भावजय लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत. आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. मनूने ज्याला बहिष्कृतांचे धन म्हणून हिणवले, तो प्राणी ग्रंथांनी भरलेल्या त्या घरात कुटुंबाच्या छायाचित्रात मानाने सामावला गेला. दोष प्राण्याचा नव्हता, माणसाला प्राण्याहून खाली लोटणाऱ्या व्यवस्थेचा होता, हे ओळखण्याइतके ते मन मोठे होते. कुत्रा माणसाचा वास घेतो, आवाज ऐकतो, चाल पाहतो. आडनाव विचारत नाही.

ज्या नगरीचे नाव बाबासाहेबांनी आपल्या घराला दिले, त्या प्राचीन राजगृहातील एक प्रसंग विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आला आहे. देवदत्ताने तथागतांच्या वाटेवर नालागिरी नावाचा पिसाळलेला हत्ती सोडला. लोक घाबरून पळू लागले. तथागत मात्र मैत्रीभावनेने स्थिर राहिले आणि हत्ती सोंड खाली घालून शांत झाला. ही कथा प्रयोगाचा अहवाल म्हणून वाचू नये आणि चमत्कार म्हणूनही वाचण्याचे कारण नाही. माणसाच्या मनातील भय आणि शांती प्राण्यापर्यंत पोहोचते, हा अनुभव आपल्या पूर्वजांना परिचित होता, एवढे ती निश्चित सांगते. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची सोय केल्याचे नमूद केले आहे. पशूंचे दुःख हा राज्याच्या काळजीचा विषय आहे, हे त्याने दगडावर कोरून ठेवले.

आपण काय करावे

या सर्व विवेचनातून पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी काही गोष्टी घरी न्याव्यात, अशी आमची विनंती आहे.

घरातील कुत्रा, मांजर, गाय वा शेळी एकाएकी खाईनाशी झाली, कोपऱ्यात लपू लागली, अंगाला हात लावू देईनाशी झाली, तर प्रथम पशुवैद्यकाला दाखवावे, कारण तो आजारही असू शकतो. आजार नसेल, तर मात्र आपल्या घराकडे पाहावे. गेल्या महिन्यात आवाज किती वेळा चढला, भांडी किती वेळा आपटली, हे स्वतःलाच विचारावे.

माणसावरचा राग जनावरावर काढू नये. बैलाच्या पाठीवर पडणारा आसूड मूलही पाहत असते. पहिल्या शीलाची दीक्षा आपण विहारात घेतो. ते पाळण्याची जागा गोठ्यात आणि दारात असते.

मुलांना प्राण्यांची भाषा शिकवावी. शेपूट पायांत घेतलेला, कान मागे पाडलेला, पुन्हापुन्हा ओठ चाटणारा वा तोंड फिरविणारा कुत्रा स्वतःच ताणात असतो. त्याला मिठी मारू नये, तो जेवत असताना डिवचू नये. कुत्रा चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तात्काळ सरकारी दवाखान्यात जावे आणि लशीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. हळद, चुना, अंगारे-धुपारे यांत वेळ दवडू नये.

प्राणी सोबती आहे, औषध नाही. मनावरचे ओझे असह्य झाले, तर ते माणसाजवळच बोलावे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक याच कामासाठी आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. दारू हा ताणावरचा उपाय नव्हे. दारूने घरातील प्रत्येक जिवाचा ताण वाढतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलांकडे पाहावे. ज्याला आपली भाषा येत नाही, तो कुत्रा जर आपला ताण हुंगून गाडीखाली जाऊन बसत असेल, तर ज्याला आपला प्रत्येक शब्द समजतो, ते लेकरू कोठे जाऊन बसत असेल? कुत्र्याला गाडीखालची जागा तरी असते. मुलाला पुष्कळदा तीही नसते. ते वर्गात गप्प राहते, गणित चुकते, रात्री दचकून उठते, आणि आपण त्याला 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा देतो. शिक्षक म्हणून असा शेरा आम्हीही अनेकदा दिला आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. मोत्याची हकीकत कळल्यानंतर शेरा लिहिण्यापूर्वी घरची चौकशी करण्याची सवय आम्ही स्वतःला लावून घेतली.

हंगाम संपल्यावर त्या मुलाचे वडील त्याला नेण्यास आले, तेव्हा आम्ही त्यांना रविवारच्या फोनची हकीकत सांगितली. उपदेश केला नाही. ते बराच वेळ खाली पाहत बसले. कर्जाचे, उचलीचे, अंगावर फिटत नसलेल्या हिशोबाचे थोडे बोलले. मग उठताना म्हणाले, "सर, कुत्र्याचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं." पुढील हंगामातही मुलाचा पहिला प्रश्न तोच राहिला. "कोपीच्या दारात," हे उत्तर मात्र पूर्वीपेक्षा अधिक वेळा येऊ लागले.

मैत्री आणि करुणा हे शब्द आपल्या शाळेच्या प्रार्थनेत रोज उच्चारले जातात. आपल्या घरात त्यांचे पालन होते की नाही, याची साक्ष आपण स्वतः देऊन भागत नाही. ती आपल्या दारातील मुका सोबती देत असतो. तो दारात निश्चिंत झोपलेला असेल, तर घरातील लेकरूही निश्चिंत झोपले असण्याचा संभव अधिक. आज घरी गेल्यावर, वाचकहो, एवढे एकदा पाहावे.

जय भीम! नमो बुद्धाय!